प्रस्तावना : कलिंगानंतरचा अशोक

सम्राट अशोकाच्या चौदा मुख्य शिलालेखांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला दोनच आले आहेत, आणि तेही फुटके. दोन्ही मुंबईजवळच्या सोपाऱ्याचे. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तिथल्या भातेला तळ्याजवळ मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात सापडला. आज दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. कडा तुटलेला काळा दगड आणि त्यावर ब्राह्मी लिपीतल्या अर्ध्या-मुर्ध्या ओळी. एखादा शब्द सुरू होतो आणि दगड संपतो. पुढचा शब्द वाचण्यासाठी गिरनार किंवा कालसीच्या प्रतीकडे जावे लागते, कारण तोच मजकूर तिथे शाबूत आहे.

आठवा लेख राजाच्या प्रवासाबद्दल आहे आणि नववा लोकांच्या घरगुती विधींबद्दल. ज्या लेखामुळे अशोक जगाला माहीत झाला तो तेरावा, कलिंगयुद्धाचा लेख, सोपाऱ्यात मिळालेला नाही. तोही इथे कधीतरी कोरलेला असावा, कारण हे लेख सहसा संचानेच कोरले जात. शतकानुशतकांच्या बांधकामात कुठल्या भिंतीत, कुठल्या विहिरीच्या कठड्यात तो गेला कोण जाणे. पण हाती उरलेल्या या दोन लेखांमुळे मुंबई परिसरातल्या वाचकाला अशोकाकडे वेगळ्या बाजूने पाहता येते. रणांगणावर स्तब्ध झालेला राजा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्यानंतर हा माणूस रोज सकाळी उठून काय करत होता, राज्य कसे चालवत होता, कुठे अडखळत होता, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. प्रस्तुत संग्रह त्याच प्रश्नाभोवती उभा आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतली ग्रंथालये, बुद्धविहार आणि महाविद्यालये यांतून झालेल्या व्याख्यानांचे आणि चर्चांचे हे लेखरूप आहे. लिहिणाऱ्यांत इतिहासाचे प्राध्यापक आहेत, तसेच निवृत्तीनंतर ब्राह्मी शिकलेले लोकही आहेत. विषयाची तोंडओळख नसलेल्या वाचकाला आधी सगळे शिवार एकदा दाखवावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

सुरुवात त्या युद्धापासूनच करावी लागते. तेराव्या लेखात अशोक स्वतः सांगतो की राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली असताना कलिंग जिंकला. दीड लाख माणसे तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. इसवी सनापूर्वी २६० च्या आसपासची ही घटना. आकडे ढोबळ असतील. तरीही विजेत्याने आपल्या विजयात मेलेल्या माणसांची संख्या स्वतःच दगडावर कोरून ठेवावी, मारल्या गेलेल्यांच्या आप्तेष्टांचे दुःख आपल्या मनाला लागले आहे असे म्हणावे, याला प्राचीन जगात जोड सापडणे अवघड आहे. इजिप्त, असिरिया, इराण इथल्या राजांनीही शत्रूचे आकडे कोरले, पण ते फुशारकीसाठी.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथून थेट धर्मांतरावर उडी मारते. शिलालेख तसे सांगत नाहीत. लघु शिलालेखांत अशोकाची कबुली आहे की उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यातले पहिले वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही. मग संघाच्या जवळ गेलो आणि नेटाने लागलो. म्हणजे हा पालट एका दुपारचा नाही. सम्राट दीक्षित झाला, सुस्तावला, पुन्हा जागा झाला, आणि ते त्याने जाहीर केले. मला तर या कबुलीने तो अधिक खरा वाटतो. ज्यांनी कुणी स्वतःला बदलायचा प्रयत्न केला आहे, त्यांना ते पहिले मंद वर्ष ओळखीचे वाटेल.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. एक, जिथे युद्ध झाले त्या कलिंगात, धौली आणि जौगड इथे, तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्याच्या जागी तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून दोन स्वतंत्र लेख आहेत. सगळी माणसे माझी लेकरे आहेत, कुणाला विनाकारण कैद होऊ नये, छळ होऊ नये, अशी त्यांत ताकीद आहे. दुसरी, त्याच तेराव्या लेखात अरण्यात राहणाऱ्या जमातींना इशारा आहे: राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती सत्ता आहे, हे विसरू नका. कलिंग त्याने परत दिला नाही. मृत्युदंड त्याने रद्द केला नाही. स्तंभलेखांत फाशीच्या कैद्याला तीन दिवसांची मुदत दिलेली दिसते, नातेवाइकांना दाद मागता यावी आणि कैद्याला परलोकाची तयारी करता यावी म्हणून. या संग्रहात अशोकाबद्दल आदर आहे, आणि तो आदर या गोष्टी सांगूनच व्यक्त झालेला आहे.

हा राजा मध्यंतरी जवळजवळ हरवला होता. लेणी, स्तूप, स्तंभ जागच्या जागी होते, पण ब्राह्मी वाचणारा उरला नव्हता. बौद्ध ग्रंथांतून एक अशोक जिवंत राहिला, तो मात्र कथेतला. उत्तरेकडच्या अशोकावदानात तो आधी चंडाशोक आहे, नरकासारखा तुरुंग बांधणारा, मग चौऱ्याऐंशी हजार स्तूप उभारणारा, आणि शेवटी सगळे गमावून संघाला अर्धा आवळा दान करणारा. सिंहली महावंसात तो नव्व्याण्णव भावांना मारून गादीवर येतो आणि निग्रोध नावाच्या छोट्या श्रामणेराला पाहून त्याचे मन पालटते. कलिंगयुद्धाने मन पालटल्याचे यांपैकी एकाही परंपरेला ठाऊक नाही. ती हकीकत फक्त खुद्द अशोकाच्या तोंडची.

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले. लेखांत सतत येणारा ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे कोण, हे श्रीलंकेत काम करणाऱ्या जॉर्ज टर्नरने पाली ग्रंथांच्या आधारे दाखवले. तरी ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष दगडावर दिसायला १९१५ साल उजाडावे लागले, आणि ते दिसले निजामाच्या राज्यातल्या मस्कीला.

या शोधात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि तो आपणच विसरत चाललो आहोत. भगवानलाल जुनागढचे. गिरनारचा तो प्रचंड खडक, ज्यावर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तिघांचे लेख आहेत, त्यांच्या घराजवळचा. तरुणपणीच प्रिन्सेपच्या तक्त्यावरून ती अक्षरे त्यांनी लावली. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले आणि भगवानलालांनी लेखांचे ठसे घेत देश पालथा घातला. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाने १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले असावेत. तांब्याच्या करंडकाभोवती कांस्याच्या आठ मूर्ती वर्तुळात बसवलेल्या, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. शेजारी यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. मूर्ती अशोकाच्या हजारभर वर्षांनंतरच्या. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी हा स्तूप उघडला, त्यात भर घातली आणि पुन्हा बंद केला. सोपाऱ्याची ही अखंड वहिवाट मला त्या सोन्याच्या डबीइतकीच मोलाची वाटते.

सोपारे हे त्या काळचे शूर्पारक, अपरान्ताचे, म्हणजे कोकणाचे, मोठे बंदर. पाचव्या शिलालेखात यवन, कंबोज, गांधार, रठिक, पेतेनिक आणि इतर अपरान्तवासी यांच्यात धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचे काम पाहणारे अधिकारी, नेमल्याचा उल्लेख आहे. यांतले रठिक म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या रहिवाशांपैकी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. महावंसाप्रमाणे पाटलिपुत्राच्या तिसऱ्या बौद्ध संगीतीनंतर अपरान्ताला धम्मरक्खित नावाचा थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, पाठवण्यात आला, आणि तो यवन, म्हणजे ग्रीक, होता. महारठ्ठाला महाधम्मरक्खित गेला. कोकण किनाऱ्यावर बुद्धाचा उपदेश करायला परदेशी वंशाचा भिक्षू येतो, ही नोंद आजच्या बंदरवासीयांनी जरूर लक्षात ठेवावी.

अशोकाच्या अभ्यासात जे मुख्य प्रवाह झाले, त्यांची ओळख आता करून देतो. व्हिन्सेंट स्मिथने १९०१ मध्ये लिहिलेल्या चरित्रात राजा आणि भिक्षू असा दुहेरी अशोक उभा केला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांचे १९२५ चे पुस्तक शिलालेखांना पहिला मान देणारे. त्याच वर्षी हुल्टशचा लेखसंग्रह निघाला आणि अभ्यासाला पक्की बैठक मिळाली. भांडारकरांना अशोकाची थोरवी मान्य होती, पण त्याच्या धोरणाने हिंदुस्थानची राजकीय उमेद खचली, असेही त्यांनी म्हटले. हा आक्षेप अनेकांनी अनेक परींनी मांडला. हरप्रसाद शास्त्रींना मौर्यांच्या ऱ्हासामागे ब्राह्मणांचा रोष दिसला, हेमचंद्र रायचौधरींना अहिंसेमुळे आलेला लष्करी ढिलेपणा दिसला. मराठी वाचकांपर्यंत हा सूर सर्वांत ठळकपणे पोहोचवला तो सावरकरांच्या ‘सहा सोनेरी पाने’ने.

या आक्षेपाला बगल देऊन चालणार नाही. पण सैन्य मोडल्याचा उल्लेख एकाही लेखात नाही, अरण्यवासीयांना दिलेला इशारा तर उलटच सांगतो. शिवाय अशोकानंतर मौर्यांची गादी जवळपास अर्धशतक टिकली. रोमिला थापर यांनी १९६१ च्या ग्रंथात आर्थिक आणि प्रशासकीय कारणे पुढे आणली: इतक्या पसरलेल्या, इतक्या भिन्न प्रदेशांना एका नोकरशाहीने बांधून ठेवणे त्या काळात कठीण होते. त्यांच्या मते धम्म ही अशोकाने जाणीवपूर्वक घडवलेली सर्वसमावेशक नीती होती, बौद्ध धर्माचा प्रचार नव्हे. दामोदर कोसंबींनी उत्पादनव्यवस्थेच्या अंगाने, वाढती शेती आणि गावे यांच्या संदर्भात ही नीती पाहिली. अलीकडे नयनज्योत लाहिरींनी २०१५ मध्ये ज्या ज्या जागी लेख आहेत त्या जागांच्या भूगोलातून अशोकाचे चरित्र लिहिले, आणि पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी २०२३ मध्ये लेखक म्हणून, विचारवंत म्हणून त्याची मांडणी केली. या संग्रहातले बहुतेक लेख लाहिरींच्या वाटेने जातात: आधी जागा पाहावी, मग निष्कर्ष काढावा.

एक प्रवाह विद्यापीठांबाहेरचा आहे आणि महाराष्ट्रात तोच सर्वांत जिवंत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धधम्माची दीक्षा घेतली. तो दिवस अशोक विजयादशमी म्हणून पाळला जातो. शिलालेखांत अशोकाच्या उपासक होण्याची तिथी नाही. या दिवसाला अर्थ दिला तो परंपरेने आणि बाबासाहेबांच्या निवडीने. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमधल्या विहारांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या जोडीला अशोकाचे चित्र किंवा सिंहशीर्ष हमखास असते. ज्यांना या देशाच्या इतिहासात आपला पूर्वज सापडत नव्हता, त्यांनी हा पूर्वज हक्काने निवडला. या निवडीला भाबडेपणा म्हणणाऱ्या अभ्यासकांशी माझे मुळीच जमत नाही. दीक्षेच्याच वर्षी भुईगावातून नववा लेख वर आला, हा निव्वळ योगायोग. पण आमच्या व्याख्यानांत तो सांगितला की लोक वहीत टिपून घेतात.

आता ते दोन लेख. आठवा म्हणतो, पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात. शिकार आणि तशाच करमणुकी चालत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर हा राजा संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात काय होई? श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना सोने, ग्रामीण लोकांची गाठ, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस. लेखाच्या शेवटी राजा म्हणतो की यातून मिळणारा आनंद अधिक आहे. शिकार सोडल्याचा त्याग तो मिरवत नाही, दुसऱ्या गोष्टीत जास्त रमलो एवढेच सांगतो. सहावा लेख याला जोडून वाचावा: मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, उद्यानात असेन, प्रजेचे काम घेऊन येणाऱ्याने केव्हाही यावे.

नवव्यात तो थेट लोकांच्या घरात शिरतो. आजारपण, मुलामुलींची लग्ने, अपत्यजन्म, प्रवासाला निघणे, अशा वेळी लोक नाना मंगलविधी करतात; त्यात बायका तर पुष्कळ क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात, असे तो म्हणतो. विधी करावेत, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. दास-नोकरांना त्याने यादीत सर्वांत आधी घेतले आहे. ज्या शहराचे घरकाम लाखो बाया-माणसांच्या हातांवर चालते, तिथे ही यादी अजून पुरती लागू आहे. बायकांविषयीचे त्याचे वाक्य मात्र खटकते, आणि संग्रहातल्या एका लेखिकेने त्याचा चांगलाच समाचार घेतला आहे. राजाने प्रजेच्या घरगुती रीतींवर शेरे मारावेत का, सण-मेळाव्यांवर बंदी घालावी का, धम्ममहामात्रांनी कुटुंबांपर्यंत पोहोचावे का, हे प्रश्न रास्त आहेत. अशोक हा काळजी घेणारा होता तसाच नजर ठेवणाराही होता.

उपनगरांतल्या लेण्यांविषयी इथे स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘ही अशोकाने खोदली’ असे वाक्य बोरिवलीच्या बस थांब्यापासून कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत ऐकू येते. कान्हेरी अशोकाने खोदलेली नाही. तिथली शंभरावर लेणी त्याच्या नंतरच्या कित्येक शतकांत कोरली गेली, आणि ती कोरवून घेतली व्यापारी, सोनार, भिक्षुणी, कल्याण-सोपाऱ्याचे गृहस्थ अशा माणसांनी. त्यांची नावे पाण्याच्या टाक्यांवरसुद्धा आहेत. सातवाहनांपासून नवव्या शतकातल्या अमोघवर्षाच्या काळापर्यंत तिथे दाने चालू होती; १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवीत आपली नावे कोरली. अशोकाने लावलेली सवय समाजाने राजाशिवाय हजार वर्षे चालवली, हे मला एखाद्या राजाने लेणे खोदण्यापेक्षा मोठे वाटते.

अंधेरीच्या महाकाली लेण्यांत, म्हणजे जुन्या कोंडिविटेत, नववे लेणे पाहताना मात्र मगध आठवल्याशिवाय राहत नाही. आयताकृती दालनाच्या टोकाला एक गोल खोली, तिच्या दर्शनी भिंतीला दाराशेजारी दगडात कोरलेल्या जाळीच्या खिडक्या, आत अंधारात स्तूप. गयेजवळच्या बराबर टेकडीत सुदामा गुंफेची मांडणी हुबेहूब अशीच आहे: लांबट दालन आणि पलीकडे गोल कक्ष. ती गुंफा अशोकाने अभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविकांना दिली. बौद्ध उपासकाने एका वेगळ्या, बौद्धांशी वाद घालणाऱ्या पंथाला दिलेले ते दान आहे. तिथले ग्रॅनाइट आरशासारखे घासलेले, इथला दगड खडबडीत, ठिसूळ. काळात अंतर, कामात अंतर. तरीही ती आकृती मगधातून पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. कशी पोहोचली याबद्दल संग्रहातल्या दोन लेखकांचे एकमत नाही, आणि आम्ही त्यांची मते जुळवून घेतलेली नाहीत.

हे सगळे आत्ता का वाचायचे? २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने ध्वजावर अशोकचक्र घेतले, २६ जानेवारी १९५० ला सारनाथचे सिंह राजमुद्रा झाले. रोज खिशातल्या नोटेवर आपण ते बाळगतो. त्या सिंहांच्या धन्याने बाराव्या लेखात काय म्हटले ते मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असते: स्वतःच्या पंथाची विनाकारण स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, बोलण्यावर संयम ठेवावा, आपल्या पंथावरच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याला हिणवतो, तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. एका चाळीत, एका सोसायटीत पाच धर्मांची माणसे भिंतीला भिंत लावून राहतात, त्या उपनगरांत या लेखाचे जाहीर वाचन व्हावे, असे मी मनापासून म्हणतो. दुसरे कारण याहून निकडीचे. सोपाऱ्याचा स्तूप, मागाठाण्याची लेणी, कोंडिविटे, सगळ्यांना वस्त्या, रस्ते आणि इमारतींनी वेढले आहे. शेजाऱ्यांना या जागा आपल्या वाटल्या नाहीत तर कुठलाही कायदा त्यांना वाचवू शकणार नाही.

सातव्या स्तंभलेखात, अभिषेकानंतरच्या सत्ताविसाव्या वर्षी, अशोकाने आपल्या कामाचा हिशेब मांडला आहे. वाटेवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या. मग तो म्हणतो, लोकांत धम्म वाढतो तो दोन मार्गांनी, नियमांनी आणि समजावण्याने. नियमांनी थोडे साधते, समजावण्याने जास्त. ज्याच्या हाती अख्खे साम्राज्य होते, त्याने इतक्या वर्षांनी काढलेला हा निष्कर्ष आहे. संग्रहाची रचना करताना आम्ही हा लेख मध्यभागी ठेवला. कलिंगाला सुरुवातीची काही पानेच दिली आणि बाकी सगळी जागा पुढच्या वर्षांसाठी मोकळी ठेवली.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. मौर्यांचा सलग राजकीय इतिहास नाही, धम्माच्या तत्त्वज्ञानाची सविस्तर चर्चा नाही. दंतकथा आहेत, पण दंतकथा म्हणून. लेखांचे मराठी अनुवाद नव्याने केले आहेत आणि जिथे दगड तुटला तिथे ओळही तुटलेली ठेवली आहे, म्हणजे काय सोपाऱ्याचे आणि काय गिरनारवरून घेतलेले हे वाचकाला कळेल. शेवटी ब्राह्मीचा तक्ता जोडला आहे. नव्या वाचकाने हवे तर तिथूनच सुरुवात करावी. ‘देवानंपिय’ एवढी अक्षरे लावता आली की संग्रहालयात जावे. तिथे पाटीवरचे इंग्रजी वाचायच्या आधी दगड वाचायचा प्रयत्न करावा.